ॲमरिलोत जेवावे कुठे : एक प्रतिवाद

टेक्सासच्या उत्तर टोकातून मोटारीने जाणाऱ्या प्रवाशाला 'ॲमरिलोत कुठे जेवावे?' असे कुणाला विचारावे लागत नाही. प्रश्न मनात उमटण्यापूर्वीच त्याचे उत्तर रस्त्याच्या कडेला उभे असते. आय-४० महामार्गावर, शहर अजून कित्येक मैल दूर असतानाच, फलकांची मालिका सुरू होते आणि पुन्हा पुन्हा एकच वार्ता देते : बहात्तर औंसांचा स्टेक, एका तासात संपवा, फुकट. पूर्वेकडून या, पश्चिमेकडून या, फलक चुकत नाही. घरी परतल्यावर प्रवासमार्गदर्शक उघडा, आंतरजालावरील याद्या चाळा, अमेरिकेतील आपल्या एखाद्या मराठी मंडळाच्या स्मरणिकेतील प्रवासलेख वाचा. तेथेही तोच स्टेक, तेच घड्याळ, तेच उद्गारचिन्ह.

हे उत्तर चुकीचे आहे असे आमचे स्पष्ट मत आहे, आणि ते या पानावर मांडायला आम्हांला संकोच वाटत नाही. साहित्यचर्चेच्या जागी खाण्यापिण्याची चर्चा कशासाठी, असे काही वाचक विचारतील. 'कुठे जेवावे' ही यादी हा आमच्या विद्यार्थ्यांपैकी बहुतेकांनी स्वखुशीने वाचलेला एकमेव समीक्षाप्रकार आहे, हे त्याचे एक कारण. तिला निवड आहे, मूल्यनिर्णय आहे, शैली आहे, तारांकित गुणदान आहे. समीक्षेची सारी बाह्य लक्षणे तिच्यात आहेत. नाही ती एकच गोष्ट : आपण पाहतो आहोत ते कुणी, कशातून घडवले हा प्रश्न. कादंबरीवर लिहिताना तो प्रश्न टाळणाऱ्या विद्यार्थ्याला आम्ही परत पाठवतो. मग ताटावर लिहिणाऱ्यालाच का सोडावे?

प्रथम स्थळाविषयी थोडे. ॲमरिलो हे पॅनहँडल नावाने ओळखल्या जाणाऱ्या टेक्सासच्या उत्तरेकडील चौकोनातले, सुमारे दोन लाख वस्तीचे शहर. १८८७ मध्ये लोहमार्गाच्या आधाराने वसले आणि गुरे गाडीत चढवण्याचे ठिकाण म्हणून वाढले. नाव स्पॅनिश, अर्थ 'पिवळा'. पण त्याचा 'आमारीयो' असा स्पॅनिश उच्चार करणारे आणि 'ॲमरिलो' म्हणणारे एकाच टेबलाशी बसलेले आम्हांला फारसे दिसले नाहीत. जमीन सपाट, वारा अखंड, आणि वाऱ्याची दिशा बदलली की गुरांना धान्य चारून लठ्ठ करणाऱ्या अवाढव्य वाडग्यांचा दर्प शहरभर. हा पैशाचा वास आहे, असे तिथले लोक हसून म्हणतात. वाक्य चांगले आहे. पैसा कुणाचा, एवढेच त्यात यायचे राहिले आहे.

आता तो स्टेक. 'द बिग टेक्सन स्टेक रँच' हे उपाहारगृह आर. जे. ली यांनी १९६० साली जुन्या रूट ६६ वर काढले. नवा महामार्ग झाल्यावर १९७० मध्ये ते त्याच्या कडेला हलले. १९७६ मध्ये आगीत सापडले. पुन्हा उभे राहिले. पिवळीधमक इमारत, दाराशी प्रचंड बैल, आणि पाहुण्यांना शहरातील मुक्कामावरून आणण्यासाठी पुढे लांब शिंगे लावलेली लिमोझिन. बहात्तर औंस म्हणजे दोन किलोंहून किंचित अधिक मांस. सोबत कोळंबीचे कॉकटेल, भाजलेला बटाटा, सॅलड, पाव व लोणी. पैसे आधी भरायचे. साठ मिनिटांत हे सारे पोटात गेले तर परत मिळतात. आव्हान घेणाऱ्याने बसायचे ते सर्वांना दिसेल अशा उंच चौथऱ्यावर, डोक्यावर उलटे मोजणारे घड्याळ घेऊन. २०१४ साली मॉली श्कायलर या व्यावसायिक स्पर्धक बाईंनी हा सारा पसारा पाच मिनिटांच्या आत संपवला.

आम्ही तेथे गेलो, जेवलोही. जेवण चांगले होते, वाढणारी मुले अदबशीर होती. चौथऱ्यावरच्या तरुणाने चाळिसाव्या मिनिटाला काटा खाली ठेवला तेव्हा सगळ्या दालनाने मोठ्या मनाने टाळ्या वाजवल्या, आम्हीही वाजवल्या. तेव्हा आमचे भांडण त्या जागेशी नाही. जत्रेत 'मौत का कुआँ' असतो. तो आपण तिकीट काढून पाहतो, धडधडत्या छातीने पाहतो. पण तेवढ्यावरून त्या गावच्या वाहतुकीवर कुणी लेख लिहीत नाही. भांडण आहे ते कुआँ पाहून वाहतुकीवर लिहिणाऱ्यांशी.

२००८ साली अमेरिकन दूरचित्रवाणीवर 'मॅन व्हर्सेस फूड' नावाची मालिका सुरू झाली. तिचा पहिला भाग याच शहरात आणि याच चौथऱ्यावर चित्रित झाला होता, हा योगायोग नव्हे. माणूस विरुद्ध अन्न! या शीर्षकातील 'विरुद्ध' या शब्दापाशी भाषेच्या अभ्यासकाने थांबायला हवे. आव्हान, विक्रम, पराभव, शरणागती : या प्रकारच्या लेखनाचा शब्दसंग्रह कुस्तीच्या आखाड्यातून किंवा सरळ रणांगणातून आलेला आहे. चव सांगणारे विशेषण त्यात शोधून सापडत नाही. जे सापडते ते परिमाण सांगणारे असते. आणि आमच्या मराठी प्रवासलेखकांना हा प्रकार इतका मानवतो याचेही कारण उघड आहे. आकाराचे आश्चर्य हा आपल्या अमेरिकावर्णनांचा जुना स्थायीभाव. तिकडचे रस्ते मोठे, गाड्या मोठ्या, दुकाने मोठी, पेले मोठे, स्टेकही मोठा. आश्चर्य संपले की लेख संपतो. समजून घेण्याची पाळी येतच नाही.

येथे एक जुना खटला आठवणे अगत्याचे आहे, कारण अन्नावर टीका करणे म्हणजे काय याची सर्वांत गाजलेली अमेरिकन परीक्षा याच शहरात झाली. एप्रिल १९९६ मध्ये ओप्रा विनफ्री यांच्या कार्यक्रमात गुरांच्या मेंदूरोगाची चर्चा निघाली आणि हे ऐकल्यावर आपण पुन्हा बर्गरला हात लावणार नाही, अशा आशयाचे उद्गार त्यांनी काढले. गुरांचे भाव पडले. टेक्सासच्या मोठ्या पशुव्यावसायिकांनी एक कोटीहून अधिक डॉलरांच्या नुकसानीचा दावा लावला. त्यासाठी हाताशी होता तो टेक्सासचा १९९५ चा कायदा : नाशवंत अन्नपदार्थांची खोटी निंदा करणाऱ्याविरुद्ध दाद मागण्याची सोय करणारा. माणसाची अब्रू आपण जाणतो, ग्रंथाची अब्रूही न्यायालयात गेलेली पाहिली आहे. भाजीपाल्याच्या व मांसाच्या अब्रूचा हा कायदा मात्र साहित्यशास्त्राच्या एखाद्या प्रश्नपत्रिकेत घालावा इतका मौजेचा आहे. १९९८ च्या जानेवारी-फेब्रुवारीत ॲमरिलोच्या न्यायालयात खटला चालला. दिवसा सुनावणी आणि संध्याकाळी तिथल्याच 'लिटल थिएटर'मध्ये कार्यक्रमाचे चित्रीकरण, असा ओप्राबाईंचा क्रम होता. न्यायाधीशांनी तो अन्ननिंदेचा कायदा येथे लागू होत नाही असे ठरवले आणि उरलेल्या मुद्द्यावर ज्यूरीने बाईंच्या बाजूने निकाल दिला.

निकाल योग्यच होता. पण त्या दीर्घ वादंगात गाय सुरक्षित आहे का, ग्राहक सुरक्षित आहे का, भाव सुरक्षित आहे का, हे तीनच प्रश्न गाजले. गाय कापणारा सुरक्षित आहे का, हा चौथा प्रश्न वादी-प्रतिवादी कुणाच्याच पटावर नव्हता. वाङ्मयाच्या विद्यार्थ्याला ही गोष्ट ओळखीची वाटेल. अप्टन सिंक्लेअर यांनी 'द जंगल' ही कादंबरी शिकागोच्या कत्तलखान्यांत पिचणाऱ्या लिथुएनियन स्थलांतरितांसाठी लिहिली. ती १९०६ मध्ये पुस्तकरूपाने आली आणि त्याच वर्षी अमेरिकेत मांसतपासणीचा कायदा झाला. वाचकांना स्वतःच्या पोटाची काळजी वाटली. ज्याच्या बोटांची गोष्ट होती त्याला त्या कायद्यातून काही मिळाले नाही, आणि याची खंत सिंक्लेअर यांना अखेरपर्यंत होती. वाचनाचा इतका यशस्वी आणि इतका संपूर्ण अपयशी दाखला दुसरा कोणता द्यावा, हे आम्हांला वर्गात आजवर सुचलेले नाही.

तर, गाय कापणारा. १९६० साली, म्हणजे बिग टेक्सन उघडले त्याच वर्षी, आयोवा राज्यात 'आयोवा बीफ पॅकर्स' ही कंपनी निघाली. तिने जनावराचे अख्खे धड शहरांतील खाटकांकडे पाठवण्याची जुनी रीत मोडली. कारखान्यातच साखळीवरून सरकणाऱ्या धडाचे तुकडे करायचे, ते खोक्यांत भरायचे, खोकी रवाना करायची. एका माणसाने एकच काप द्यायचा, दिवसभर, तोच. कसबी खाटकाच्या जागी चार दिवसांत शिकवता येईल असा हात चालू लागला. आणि असे हात शिकागोसारख्या संघटित शहरांपेक्षा गुरांच्या वाडग्यांशेजारच्या माळावर स्वस्त पडतात हे उघड होते. १९७४ मध्ये या कंपनीचा कारखाना ॲमरिलोच्या वेशीवर आला. २००१ मध्ये टायसन कंपनीने तो सारा व्यवसाय विकत घेतला.

१९७५ नंतर व्हिएतनाम आणि लाओस सोडून निघालेली कुटुंबे अमेरिकेत आली. त्यांतली बरीच या कारखान्यामुळे ॲमरिलोत स्थिरावली. मेक्सिकन कामगार आधीपासून होतेच. शहराच्या उत्तरेस तासाभराच्या अंतरावर कॅक्टस नावाचे गाव आहे. तेथील मोठ्या मांसकारखान्यावर १२ डिसेंबर २००६ रोजी स्थलांतर-विभागाची धाड पडली. त्या एका दिवशी स्विफ्ट कंपनीच्या सहा ठिकाणांहून मिळून सुमारे १३०० माणसे पकडली गेली. कॅक्टस त्यांपैकी एक. रिकाम्या झालेल्या जागा ब्रह्मदेशातून व सोमालियातून आलेल्या निर्वासितांनी भरल्या. ताटावर दोन किलोंचा तुकडा येतो, त्यामागे अशी तीन भूखंडांची हालचाल आहे. यादीकार लिहितो : 'अस्सल टेक्सन अनुभव.'

२८ एप्रिल २०२० रोजी अमेरिकेच्या अध्यक्षांनी मांसकारखाने चालू राहावेत म्हणून आदेश काढला. मे महिन्याच्या मध्यास एका दिवसात टेक्सासात करोनाच्या सुमारे १८०० नव्या रुग्णांची नोंद झाली आणि त्यांतले ७०० हून अधिक ॲमरिलोच्या परिसरातले, मांसकारखान्यांतील तपासणीतून उघड झालेले होते. खांद्याला खांदा लावून उभे राहण्याचे ते काम. अंतर राखायचे कसे? त्या दिवसांतही ॲमरिलोची खाद्ययादी आंतरजालावर होती तशीच होती. तिच्यात बदल करण्याचे कुणाला कारण दिसले नाही.

म्हणून आमचे उत्तर असे. ॲमरिलोत जेवावे ते ॲमरिलो बूलेवार्डवर. शहराच्या उत्तर अंगाने पूर्व-पश्चिम धावणारा हा लांबलचक रस्ता एके काळी रूट ६६ च होता. म्हणजे इतिहासाच्याच दृष्टीने पाहायचे तर तो प्रवाशाचा हक्काचा रस्ता. पण प्रवाशाला दाखवला जातो तो सहाव्या रस्त्यावरचा जुना तुकडा : जुन्या वस्तूंची दुकाने, रंगीत पाट्या, १९४६ पासून चालू असलेले गोल्डन लाइट कॅफे. तो तुकडाही चांगला आहे, तेथील बर्गर आम्ही मिटक्या मारीत खाल्ला. बूलेवार्ड मात्र दाखवला जात नाही. तेथे अर्धे बंद पडलेले मोटेल आहेत, जुन्या टायरांची दुकाने आहेत, हप्त्याने गाड्या विकणारे आहेत, आणि त्यांच्या मधूनमधून काचेवर हाताने रंगवलेल्या अक्षरांच्या खाणावळी.

शेजारच्या कॅन्यन गावातील विद्यापीठात शिकवणारे एक मराठी गृहस्थ आमचे यजमान होते. बूलेवार्डचे नाव काढताच ते म्हणाले, "अहो, तिकडे कशाला जाता? वस्ती बरी नाही ती. संध्याकाळी तर नकोच." मग थोड्या ओशाळलेपणाने त्यांनी जोडले, "खरे सांगू का, अकरा वर्षे झाली येथे, मी कधी उतरलो नाही त्या रस्त्यावर." अतिशय सज्जन माणूस, इंग्रजीतील स्थलांतरितांच्या कादंबऱ्यांवर अभ्यासक्रम घेतात. आम्ही काही बोललो नाही. आमचे पुण्यातले घर आणि मार्केट यार्डातली हमालांची खाणावळ यांत चार किलोमीटर अंतर आहे, आणि तेथे आम्ही किती वेळा उतरलो आहोत हे आम्हांला ठाऊक आहे.

दुपारी, पाळी सुटण्याच्या सुमारास, आम्ही एका व्हिएतनामी खाणावळीत शिरलो. आठ टेबले, कोपऱ्यात दूरचित्रवाणी, भिंतीवर एका विमाकंपनीची दिनदर्शिका. फो मागवला. हाडे तासन्‌तास उकळून काढलेला हा नितळ रस्सा. त्यात तांदळाच्या शेवया, वर पातळ काप. वाफ तोंडावर आली तेव्हा मराठी नाकाला दचकायला झाले, कारण त्यात चक्रीफूल होते, दालचिनी होती, लवंग होती, मसाला वेलची होती. आपला काळा मसाला ज्या डब्यातून निघतो तोच डबा जणू कुणी दुसऱ्या हाताने उघडला होता. बाजूच्या थाळीत मोड आलेले मूग, तुळशीच्या जातीचा पाला, लिंबू, आणि हिरव्यागार हालापेन्यो मिरचीच्या चकत्या. ही मिरची मेक्सिकोची. व्हिएतनाममध्ये ती या थाळीत नसते, टेक्सासात असते. पलीकडच्या टेबलावर बसलेली चार माणसे जे खात होती त्यात स्टेक कुठेच नव्हता : कुरकुरीत-चिवट स्नायुबंध, आतड्याची पांढरी जाळी, शेपटीचा सांधा. जनावराचा जो भाग खोक्यात भरून दूर जातो त्यावर फलक उभे राहतात. जो उरतो तो येथे शिजतो, आणि तो शिजवायला साठ मिनिटे पुरत नाहीत. त्या माणसांपैकी एकाने चमचा धरला होता तो मुठीत, आखडलेल्या बोटांनी. सुरा धरून धरून बोटे तशी होतात, हे आम्ही वाचले होते. पाहिले त्या दिवशी.

संध्याकाळी त्याच रस्त्यावर 'थाई' अशी पाटी असलेल्या जागी गेलो. आत लाओ कुटुंब. अमेरिकेत ठिकठिकाणी लाओ लोकांनी आपल्या खाणावळींना थायलंडचे नाव दिले आहे, कारण गिऱ्हाइकाला थायलंड माहीत असतो आणि लाओस नसतो. भाषांतराचा अभ्यास करणाऱ्यांनी या पाटीवर एक टिपण लिहावे. खाद्यपत्रिकेची पहिली पाने थाई, गोडसर, परिचित. शेवटच्या पानावर, लहान अक्षरांत, मूळ संहिता : बारीक चिरलेल्या मांसात भाजलेल्या तांदळाची भरड, लिंबू, पुदिना व मिरची घालून केलेला लाप. आंबवलेल्या मासळीच्या उग्र पाण्याने मुरवलेली कच्च्या पपईची कोशिंबीर. बांबूच्या लहान टोपलीत चिकट भात. तो भात हातानेच खायचा, बोटांनी गोळा करून, त्यानेच लाप उचलायचा. ज्यांच्या घरी जवळ्याची चटणी होते त्यांना त्या मासळीच्या पाण्याची ओळख करून द्यावी लागणार नाही. इतरांनी धीर धरावा.

येथवर वाचून एक आक्षेप येईल, आणि तो हलका नाही : हा उलटा दांभिकपणा झाला. स्टेकच्या चौथऱ्यावरून उतरून तुम्ही गरिबांच्या टेबलाला चौथरा करीत आहात. त्यांना बघे नकोत, जेवू द्या. शिवाय कामगार काही रोज फो खात नाहीत, तेही बर्गर खातात, पोराच्या वाढदिवसाला तेही त्याच बिग टेक्सनमध्ये जाऊन टाळ्या वाजवत असतील. आक्षेप आम्हांला मान्य आहे, निम्मा. बूलेवार्डवरचे अन्न 'अस्सल' आहे असे आम्ही म्हणतच नाही. हालापेन्योची चकतीच त्या शब्दाचे खंडन करते. अस्सलाच्या शोधात निघालेला खवय्या आणि आकाराने दिपलेला प्रवासी हे दोघे भाऊच : दोघांनाही ताटावर ठरावीक चित्र हवे असते. आमचे म्हणणे याहून साधे आहे. एखाद्या शहराविषयी लिहायचे तर त्या शहराला पोसणाऱ्यांच्या जेवणाचा उल्लेख त्यात असावा. त्याची स्तुती करावी असेही नाही. वाईट असेल तर वाईट लिहावे. मेक्सिकन बेकरीतला एक गोड पाव आम्हांला शिळा मिळाला, हेही येथे नोंदवतो. नोंद होण्याची पात्रता मात्र मान्य करावी.

दुसरा आक्षेप आमच्याच घरातला. ॲमरिलोला गेलेल्या मराठी माणसाचा पहिला प्रश्न चवीचा नसतोच. 'तेथे आपल्याला चालेल असे काय मिळते?' हा असतो. प्रश्न प्रामाणिक आहे आणि उत्तर सोपे आहे : भाताबरोबर भाज्या मिळतात, चहाच्या आंबवलेल्या पानांची ब्रह्मी कोशिंबीर शोधली तर मिळते (वाळलेली कोळंबी घालू नका म्हणून सांगावे). पण 'आपल्याला' या सर्वनामात कोण कोण येते? मार्च २०१५ पासून महाराष्ट्रात बैलाची कत्तलही बेकायदा आहे; त्याआधी आणि त्यानंतरही ते मांस कुणाचे अन्न होते, याविषयी आपली पाककृतींची पुस्तके मूग गिळून बसतात. त्याच वर्षी शाहू पाटोळे यांचे 'अन्न हे अपूर्णब्रह्म' आले आणि मराठवाड्यातील महार व मांग समाजांच्या स्वयंपाकाची नोंद पुस्तकात झाली : चान्या, रक्ती, आणि जे पदार्थ रुचिरेच्या अनुक्रमणिकेत येणे शक्यच नव्हते ते. जनावराचे कोणते भाग कुणाच्या वाट्याला येतात याचा हिशेब त्या पुस्तकात आहे. बूलेवार्डवरच्या त्या शेपटीच्या सांध्याकडे पाहताना आम्हांला तेच पुस्तक आठवत होते, आणि आपल्याकडच्या खाद्यलेखकांनी मात्र ॲमरिलोहून आणले काय, तर बहात्तर औंस.

हे सारे आज लिहिण्याचे निकडीचे कारण आहे. जानेवारी २०२५ मध्ये नव्या अध्यक्षांनी पहिल्याच दिवशी निर्वासितांचा प्रवेश थांबवला. अमेरिकेतील गुरांची संख्या १९५१ नंतरच्या सर्वांत खालच्या पातळीवर आली. वर्षानुवर्षांचे अवर्षण, महाग चारा, विकलेली कालवडी. नोव्हेंबर २०२५ मध्ये टायसनने नेब्रास्कातील एक कारखाना बंद करण्याचे आणि ॲमरिलोचा कारखाना एकाच पाळीवर आणण्याचे जाहीर केले. ॲमरिलोतील सुमारे १७०० कामगारांवर याचा परिणाम होणार होता. बातम्यांत गोमांसाच्या भावाची चर्चा झाली, गुरे पाळणाऱ्यांच्या चिंतेची झाली. दुसऱ्या पाळीची माणसे जेथे जेवत होती त्या आठ टेबलांची चर्चा कोण करणार? ती उद्या बंद पडली तर कोणत्याही यादीतून एकही ओळ खोडावी लागणार नाही, कारण ती ओळ कधी लिहिलीच गेली नव्हती. तिकडे चौथऱ्यावरचे घड्याळ बहुधा चालूच राहील. मांस महागले तर आव्हानाचे शुल्क वाढवता येते.

आमच्या लेखात एकाही खाणावळीचे नाव नाही, हे चाणाक्ष वाचकांच्या ध्यानात आले असेल. नावे दिली असती तर ही आणखी एक यादी झाली असती, आणि नाव शोधत येणाऱ्याला आजूबाजूचा रस्ता दिसत नाही. पूर्वेकडच्या टोकापासून सावकाश पश्चिमेकडे जावे. जेथे गाड्यांच्या मागच्या काचेत पांढरे शिरस्त्राण आणि रबरी बूट दिसतील तेथे थांबावे. रोख पैसे जवळ असू द्यावेत. शेवटचे पान आधी वाचावे.

निघताना त्या लाओ बाईंनी आमचे बिल आणले आणि विचारले, आमच्याबद्दल तुम्हांला कुणी सांगितले? आम्ही खरे तेच सांगितले : कुणीच नाही, रस्त्यावरून पाटी दिसली. त्यांना ते काही पटले नाही. पण आमच्या टोपलीत भात उरलेला त्यांनी पाहिला, आत गेल्या, आणि हिरव्या मिरचीची ठेचलेली चटणी एका लहान वाटीत घेऊन परत आल्या. भात ह्याच्याबरोबर संपवा म्हणाल्या, घाई नाही.